गळ्यात पडून रडायचं गाणं

प्रिय सुकेशनी,

अक्षर पाहून दचकू नको. तुह्या बाचंच आहे. सातवीपर्यंत शिकलो, त्याचा आज उपयोग करून राह्यलो. फोन काहून नाई केला म्हणशील, त चार वर्षांआधी जे बोललो ते फोनवरच बोललो होतो. तवापासून त्या डबड्यावर माहा भरोसा नाई. तोंड उघडलं का पयले राग बाहेर पडते, बाकीचं पोटातच राह्यते. कागदावरचं खोडता तरी येते. हा तिसरा कागद आहे.

इकडं हरभरा घरात आला. पोहरादेवीची रामनवमी जवळ आली, रस्त्यानं आतापासून मंडप टाकून राह्यले. राखीचं जमलं. रिठदजवळच्या तांड्यावरचा पोरगा आहे, बादल नावाचा, कामाचा दिसते. पण हे तुले माहीतच असन. तुमी दोघी बहिणी चोरून बोलता, हे मले पयल्या दिवसापासून ठाऊक आहे. फोन घेऊन राखी गोठ्यामांगं जाते अन् तासभर येत नाई. शेळ्याईसंग एवढं कोन बोलते बाप्पा! मी इचारलं नाई, तिनं सांगतलं नाई. घरात दोनच माणसं, त्याच्यात तुहं नाव घ्यायचं नाई, म्हून बाकीचं बोलणंबी आटलं. भाकर झाली का, नळाले पाणी आलं का, एवढ्यावर दिवस निंगते.

मांगच्या हप्त्यात लग्नासाठी तुह्या याडीचा, मायचा, फेटिया घागरा काढाले पेटी उघडली, त तळाशी तुही आश्रमशाळेतली वही सापडली. गाणे इंग्रजी, पण अक्षर आपलं, म्हून मलेबी वाचता आले. सगळी वही मोठ्यानं वाचली. अर्थ काडीचा लागला नाई, पण मजा वाटली. आमी ऊसतोडीले जायचो अन् तू सहा-सहा महिने होस्टेलात. तठी उदयसिंग सर रविवारी लॅपटॉपवर जुने काळेपांढरे इंग्रजी सिनेमे दाखवायचे. सुटीत घरी आली का तू ते आमाले करून दाखवायची. बाई भांडता भांडता गाऊ लागते, मंग हाटेलातला वेटरबी ताट ठेवून नाचते! तुही याडी पोट धरून हासायची. मी म्हणायचो, अरे, प्रेम बसलं त बापाले जाऊन इचार ना, गाणं कायले म्हणत बसला! मले तो पोरखेळ वाटला. मायबाप नसलेल्या घरात पोरीनं काहीतरी धरून ठेवलं होतं, हे मले आता या वयात समजून राह्यलं. राखी म्हणते, या गाण्याइले जाझ म्हणतेत. तिनं एकाचा अर्थ सांगतला. त्याच्यातली बाई म्हणते, घर मोठं अन् चहाचा कप एकच. आता हे इंग्रजीत काहून लिहावं लागलं त्याइले? हे त आपल्या तांड्यावरबी होते.

अन् ती क्लिप. तांड्याच्या रामसिंग नायकानं चार माणसात मोबाइल माह्या हातात देल्ला. पुण्याचं हाटेल, तू लाल झग्यात, मांगं पियानो, समोर गिलास घेतलेले लोक. तू काय गाऊन राह्यली ते मले आइकूच आलं नाई पोरी, मी गिलासच पाहत राह्यलो. चौघं माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. तठीच तुले फोन लावला अन् म्हणलं, तू मले मेली, तांड्यात पाय ठेवू नको. जिभेले हाड नसते म्हणतेत ते खोटं नाई. तू खरंच आली नाई. माहा हुकूम एवढा पाळणारी पोरगी तू लहानपणी कधी होती?

आता मंगळवारचं सांगतो. लग्न ठरलं का आपल्यात नवरीले ढावलो शिकवतेत, एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडायचं. आपल्या तांड्यात ते तुही मायच, माही रामीबाई, शिकवायची. तुही याडी गेली त्याले सहा वर्षं झाले. दुपारी मी शेजारच्या कमलीबाईले इचाराले निंगालो, का राखीले तू शिकवशील का, अन् गोठ्यामांगून रामीबाईचा आवाज आला. गोठ्याआड जाऊन पाह्यलं. ती तू होती. फोनवरून राखीले ढावलो शिकवत होती. तीच ओढ, मधातच थांबून घेतलेला तोच श्वास. मंग राखीनं हट्ट केला म्हून तू एक इंग्रजी गाणं म्हणलं, अन् पोरी, त्याच्यातबी तीच ओढ! म्हणजे तू तठी, त्या गिलासवाल्याइपुढं, तुह्या याडीसारखंच गाते. अन् मी त्या आवाजाले मेली म्हणलं. शेणाच्या टोपल्याजवळ बसून मी लय रडलो. शेळ्या पाहून राह्यल्या होत्या, पाहू दे.

लग्न सतरा तारखेले आहे. राखीसाठी ये म्हणलं असतं त तू आलीच असती, पण मी तिच्यासाठी नाई बोलावत. राखी गेल्यावर मी एकटा पडन, म्हूनबी नाई. तू गाण्यापायी पुण्याले गेली त्या दिवशी मानोऱ्याच्या स्टँडवर एकटी एसटीत बसली, अन् मी राग धरून मुद्दाम वावरातून आलो नाई. तू कोनाच्या गळ्यात पडली नाई, कोनी तुह्या डोक्यावरून हात फिरवला नाई. परक्या घरी जाणाऱ्या पोरीले गरिबातला गरीब बापबी एवढं देते. तो मेलीचा शब्द मी नायकापुढं, सगळ्या तांड्यापुढं परत घेईन. तू दोन दिवस आधी ये. राखीच्या आधी तुही पाठवणी करू. माह्या गळ्यात पडून ढावलो म्हणजो, मले भांडजो, रडजो, अन् मंग जाजो आपल्या गाण्याच्या घरी. राहा म्हणणार नाई. या वेळी स्टँडवर पोचवाले मी येतो.

तुझाच,
बा