दोन शब्द

प्रिय दादा,

रविवारी मकोनच्या पुतळ्याचं अनावरण आहे. सरकारी साहेब घरी येऊन सांगून गेले, "आजी, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. दोन शब्द बोला." तीस वर्षं ज्यांनी त्याचं नाव घेणाऱ्याला तुरुंगात घातलं, तेच आता ते नाव दगडात कोरताहेत. आणि तुम्ही, माझ्या पोटचा मुलगा, दुआला शहरातून निरोप धाडता, "मी येणार नाही. त्या माणसाचा मला वीट आलाय." मी रागावले नाही.

गोऱ्यांना "चालते व्हा" असं त्यांच्याच भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता सांगणारा आमच्याकडचा तो पहिलाच. त्याच्या सभांत मी बायकांपुढे खड्या आवाजात बोलायची. तो म्हणायचा, "हिला नदीकाठी उभी करू नका रे, मासे पळतील."

पुढे तो जंगलात लपला. तिथं त्याला गोळी घातली, तेव्हा मला सातवा महिना होता. शिपायांनी त्याला रस्त्यावर आणून टाकलं आणि सगळ्या गावाला रांगेनं समोरून नेलं. रडेल त्याला उचलायचे. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "हा कोण?" हजारोंपुढे तास तास बोललेली मी, तिथं दोनच शब्द बोलले. "ओळखत नाही." बहिणीनंच नाकारलेल्या त्या देहावर त्यांनी सिमेंट ओतलं. मूठभर माती टाकायलाही कुणाला जाऊ दिलं नाही.

तुम्ही जन्मलात, तेव्हा माझ्या आईनं तुमचं कपाळ हुंगलं आणि हळूच म्हणाली, "मकोन परत आला." ते नाव लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून कागदावर जोसुए, घरात दादा. शेजारची मार्ता कुंपणावरून विचारायची, "काय गं, दादासाहेबांचं ढुंगण धुवून झालं का?" मी हसायची, पण अहो-जाहो सोडलं नाही. थोरल्या भावाला कोण रागावतं? कोण त्याला अंगाई म्हणतं? सहा वर्षांचे असताना पायात काटा मोडला, तर मी म्हणाले, "दादा, तुम्ही रडायचं नसतं." तुम्ही रडला नाहीत. नंतर कधीच नाही. वडिलांच्या मयतीलाही नाही. त्या दिवशी एवढंच म्हणालात, "आई, तू जन्मभर माझा मामा केलास." सगळे हसले. तुम्ही हसला नव्हतात.

ज्याची माफी मागायची, तो सिमेंटखाली होता. ती मी तुमच्याकडे मागत राहिले, आणि एका पोराचं पोरपण त्यात संपलं. रविवारी मी खरंच दोनच शब्द बोलणार आहे. "मी ओळखते." मंत्र्यांसमोर, सगळ्या गावासमोर. तेवढं बोलले की माझा भाऊ त्या दगडात जाईल आणि हे घर रिकामं होईल. भाषणाला येऊ नकोस. ते उरकलं की ये. पानात बांधलेला कसावा चुलीवर ठेवीन. एकोणपन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही, ते दारातच विचारीन. जोसुए, बाळा, भूक लागली का रे तुला?

तुझीच,
आई