उकळलेल्या पाण्याचा अहवाल रद्द होण्याबाबत

दिनांक : ७ मार्च

प्रति,
मा. मुख्य तपासनीस,
पाणी तपासणी कार्यालय.

विषय : आमच्या गल्लीचे पाणी 'पिण्यास योग्य' ठरवणारा अहवाल रद्द होण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एकमेव उत्तर.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. नळाला गटाराचा वास येऊ लागल्याने तपासणीची मागणी मीच केली होती. आपला कर्मचारी आला तेव्हा मी घरी नव्हतो. नमुना स्वहस्ते नळाखालून घ्यावा, असा आपलाच नियम; परंतु गृहस्थ खुर्चीवर टेकले व बाटली त्यांनी माझ्या पत्नीच्या हाती दिली. पाहुण्याला वास मारणारे पाणी द्यायचे कसे, या संकोचाने तिने ते गाळून, उकळून, निववून बाटलीत भरले.

अहवाल उत्तम आला. न येऊन सांगतो कोणाला? आपण तो शिक्क्यानिशी गल्लीच्या तोंडाशी लावला आणि सगळ्या गल्लीने पाणी उकळणे सोडले. पत्नीनेही. ती तापाने अंथरुणाला खिळल्यावर मी खोदून विचारले, तेव्हा म्हणाली, "उकळलं म्हणून काय झालं? मशीनला कळतंच की सगळं." चाळीस वर्षे लोकांच्या मुलांना नमुना म्हणजे काय ते शिकवले, घरात सांगायचे राहिले. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

आपण कळवता की, ऐकीव माहितीवरून शास्त्रीय अहवाल खोटा ठरत नाही. बाटली भरणाऱ्या व्यक्तीने समक्ष जबाब द्यावा. तत्त्व बरोबर आहे. मात्र आपले पत्र येण्याच्या चार दिवस आधी पत्नी वारली. ती पाण्यानेच गेली, असा माझा दावा नाही. ती सत्तरीची होती, हृदय अधू होते. एका मृत्यूवरून निष्कर्ष काढू नये, हे मी जाणतो. पण साहेब, आपल्याकडेही एकच बाटली आहे.

तरी नळाखाली दुसरी बाटली धरावी व तोवर तो कागद काढावा. मी स्वतः काढायला गेलो तर शेजाऱ्यांनी हात धरला. समोरच्या घरात बारा दिवसांची बाळंतीण आहे. तिला पाणी उकळायला सांगितले, तर ती समजुतीने म्हणाली, "मास्तर, काकू गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही. शिक्का आहे ना त्यावर?"

उत्तराची आशा फारशी उरलेली नाही, तरी अर्ज करीत आहे.

आपला नम्र,
(सही)
निवृत्त विज्ञान शिक्षक

सोबत :
१. तापाचे रुग्ण असलेल्या अकरा घरांची यादी.
२. जबाबाऐवजी, पत्नीच्या मृत्यूचा दाखला.