ट्रंकेतलं पितळी बुश

जव्हार, भाद्रपद वद्य द्वितीया, शके १८५७

चि. बाबल्यास अनेक आशीर्वाद, पण ते मागाहून. आधी सांग, माझी तीन पत्रं खाल्लीस काय? मास्तरांना गयावया करून लिहवून घेतली. प्रत्येक पत्रात "मोटारीच्या स्टेरिंगचं सामान परत दे" एवढंच होतं. त्याला उत्तर लिहायला नाशकात शाई मिळत नाही? इकडची खुशाली विचारू नकोस. शेळी व्याली, नागलीचं पीक बरं आहे, झालं.

तुझ्या खोलीवर राहून रघ्या परवा नाशकाहून आला. म्हणाला, "बाबल्यानं आट्यांचा दांडा आणि तो ज्यात फिरतो ते बुश, दोन्ही कारखान्यात लेथवर नीट केलेत. अगदी पहिल्यासारखे. धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेत." अरे, मग त्यांचं लोणचं घालणार आहेस का?

तुझ्या दाजींना ढवळू लोहारानं कसाबसा एक दांडा घडवून त्यावर लोखंडाचंच बुश ठोकून दिलंय. तूच म्हणायचास ना, लोखंडात लोखंड फिरलं की तापतं आणि धरतं, म्हणून तिथे पितळ असतं? तसंच झालं. देवजीशेठनी आपल्या मोटारीसाठी मुंबईला लिहून पाहिलं. वीस वर्षांपूर्वीची मोटार, तिचं सामान आता येत नाही म्हणून कळवलं. म्हणजे जगात तेवढं एकच बुश, आणि ते तुझ्या धोतरात.

गेल्या शनिवारी मोखाड्याहून येताना वळणावर चाक वळेचना. मोटार सरळ कुणाच्या नागलीत घुसली. बांधाला अडली म्हणून राहिली, बांधापलीकडे दरी आहे. घरी आले तेव्हा यांची बोटं वळलेलीच होती, चाक धरल्यासारखी. भाकर मी मोडून दिली.

आणि आता घटस्थापनेला शेठच्या सुनेला माहेरी त्र्यंबकला पोचवायचंय. सातवा महिना आहे पोरीला. तोरंगणचा घाट तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, बाबल्याकडून सामान आणवा. तर म्हणाले, "त्या चोराचं बुश लावीन तर बापाचं नाव सांगणार नाही." आणि रघ्या सांगतो, तू तिकडे अडून बसलायस की दाजींनी आधी मारल्याची चूक कबूल करावी. दोन रेडे एका पायवाटेवर, आणि मधे मी.

मास्तर आज विचारत होते, चौथं पत्र लिहू का? नको म्हटलं. दुसरीपर्यंत शिकलेय, वेडंवाकडं का होईना, मीच लिहिते. मास्तरांसमोर सांगण्याजोगं नाही हे.

मागच्या खंडेनवमीला तुम्ही दोघांनी स्टेरिंग उघडून सगळं सामान पूजेसाठी पाटावर मांडलंत. तेलानं काळं झालेलं. देवापुढे काळं पितळ ठेवतात का कुणी? तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात मी वीट कुटली, चिंच घेतली आणि सगळं खसाखसा घासलं. तो दांडाही, आट्याआट्यांतून बोट घालून. पाणी ओतून पुसलं. असं लखलखलं की हे म्हणाले, "बाबल्या, याला म्हणतात साफ करणं!" ते तुझं काम समजले. तूही हसलास, तुला वाटलं त्यांनीच केलं. मी सुखावले आणि गप्प राहिले.

होळीला स्टेरिंग ढिलं झालं, दीड वीत नुसतंच फिरायचं. उघडलं तर आत तेलात कालवलेला तांबडा चिखल. विटेचा. सगळे आटे खाल्लेले. "कचरा घालून बसवलंस!" म्हणून यांनी तुझ्या मुस्काटात मारली. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. पण तू बोलला नाहीस, आणि मीही बोलले नाही. ते मोडकं सामान उचलून तू तसाच गेलास, आणि चोर ठरलास.

वाटलं होतं, चार दिवसांत निवतील. सहा महिने झाले. तुला उत्तर लिहवत नाही याचा राग करत बसले, पण तीन पत्रांत मी तरी काय लिहिलं? सामान दे, सामान दे.

तर ऐक. सामान घेऊन तू स्वतः ये. तू ओटीवर आलास की तुझ्यादेखत मी यांना सांगते, वीट मी कुटली म्हणून. मग मला मारोत नाही तर माहेरी धाडोत, माहेरात तरी तुझ्यावाचून कोण आहे माझं! पण ते बुश तुझ्याच हातानं बसव. ढवळूच्या हातून आता काही नको.

येत नसशील तरी मी सांगणारच आहे, एकादशीच्या रात्री, एकटीच. तेव्हा मात्र "मी घासलं नव्हतं" म्हणायला तू समोर नसशील, मग ते म्हणतील, "भावाला वाचवायला खोटं बोलतेस," आणि त्याच लोखंडावर घाटात जातील. म्हणून एकादशीच्या आत कळव, येतोस की नाही. दोन अक्षरं पुरेत, पण तुझ्या हातची.

तुला मार खाऊ देणारी बहीण,
बायडी