काळा पडलेला फॅक्स

शारजा, १४ जुलै १९९९, संध्याकाळ

क्लिनिकने माझ्यासोबत काम करणाऱ्या नीलमचा रिपोर्ट चुकून आमच्या ऑफिसच्या फॅक्सवर पाठवला. तिला फिट्स येतात हे गोदामापर्यंत सगळ्यांना कळलं. माझं डोकंच सणकलं. कॉलेज अर्धवट सोडलेला मी, केस करायला निघालो!

लोकांचे अर्ज अरबीत टाईप करून देणारे हमीदचाचा म्हणाले, "हबीबी, आरोग्य खात्यात तक्रार होते, कोर्टात भरपाईपण मागता येते. पण सही तिची हवी, आणि हा कागद जोडायला हवा." अर्ज त्यांनी लगेच टाईप करून दिला.

फॅक्सचा कागद मी व्हॅनच्या डॅशबोर्डवर जपून ठेवला. जुलैच्या उन्हात! फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने अख्खा काळा पडला. झेरॉक्स काढायचं सुचलंच नाही.

नीलमने तो उजेडाकडे धरला. "माझं नावसुद्धा दिसत नाही," म्हणाली आणि हसली. मग एकदम, "केस करायच्या आधी मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सगळे तिच्याबद्दल परस्पर बोलले, त्यात मीही.

"क्लिनिकमध्ये माझी फाईल आहे, रिपोर्ट तिथून परत मिळेल. सही करायची की नाही, ते मी बघेन." टाईप केलेला अर्ज तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला.

काळा कागद माझ्याकडेच राहिला. त्यावर बोट फिरवत बसलोय. तिचं नाव इथेच कुठेतरी आहे. पण माझं मन मात्र त्या पर्समधल्या अर्जात, सहीच्या कोऱ्या जागेशेजारी, घडी होऊन पडलंय.