वेतुरियामावशींची लाकडे

३ ऑक्टोबर
आजपासून आमच्या घरात सरकारी मदत बंद. नगरपालिका हिवाळ्यासाठी लाकडे देते, पण ती लोकांच्या टॅक्समधून. न विचारता कापलेला पैसा म्हणजे दान नव्हे. आईला समजावले, गल्ली स्वेच्छेने देईल. ती खोकत म्हणाली, "तत्त्वं चुलीत पेटतात का, तेवढं बघ."

१९ ऑक्टोबर
घरोघर सांगून आलो. प्रतिसाद उत्तम. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेले सारमाले, वेणीच्या आकाराचा पाव, मेणबत्त्या, एक नवा टॉवेल. लाकूड नाही. आम्हा रोमानियन लोकांत दान मेलेल्याच्या नावाने करतात; दिलेली वस्तू त्याला वर पोचते. हा मुद्दा प्लॅनमध्ये राहून गेला होता. ग्लिगोर चांभाराला विचारले, वडिलांच्या नावाने लाकडे का देत नाहीस? म्हणाला, "आमचा बाप गेलाय तिथं जाळ भरपूर आहे."

२ नोव्हेंबर
आई कोट घालूनच झोपते. खोकला वाढला. तिला सांगितले, स्वेच्छादान मनातून येते, म्हणून उशीर होतो. ती म्हणाली, "ते येईस्तोवर मी वर पोचेन. मग माझ्या नावानं वाट."

८ नोव्हेंबर, सकाळी
विजय! शेजारच्या वेतुरियामावशींचे यजमान पाम्फिल डोंगरात बर्फात गोठून गेले होते. ते मावशींच्या स्वप्नात कुडकुडत आले. मावशींनी त्यांच्या नावाने आम्हाला गाडीभर लाकडे दिली. मी रीतीप्रमाणे "देव त्यांना क्षमा करो" म्हणालो. चूल पेटली. आईने कोट काढला. सरकार हे करू शकले असते का?

८ नोव्हेंबर, दुपारी
लाकडांच्या टोकांना निळा रंग आहे. कुणी विकू नये म्हणून नगरपालिका लावते तो. मावशींना जाब विचारला. म्हणाल्या, "मग काय मी जंगल विकत घेतलंय? मला मिळाली, मी पाम्फिलला दिली. आता ती त्याची." परत करायला निघालो. आई आडवी आली. म्हणाली, मेलेल्या माणसाची ऊब काढून घेशील तर घरात पाऊल ठेवू नकोस.

२१ नोव्हेंबर
लाकडे संपली. मावशींनी स्वतःसाठी काहीच ठेवले नव्हते, हे आज कळले. दोघी एका रजईत बसून खोकतात. माझ्याकडे बघत नाहीत.

२२ नोव्हेंबर
नगरपालिकेच्या रांगेत शेवटचा, उंबऱ्यावर उभा राहून लिहीत आहे. आमचा वाटा मिळताच अर्धा मावशींना देणार. स्वेच्छेने. म्हणजे तत्त्व शाबूत राहते. पुढे ग्लिगोर आहे. त्याला हे समजावू लागलो.

तो म्हणाला, "पोरा, आधी दार लाव. गारठा आत येतोय."