वकिलाची ऑस्टिन

धंतोली, नागपूर
माघ, १९७५

प्रिय उत्तराताई,

'प्रिय' लिहू का 'सौभाग्यवती' लिहू, याच्यातच माही अर्धी दुपार गेली. तुमी मले ओळखत नाही. मी तुळसाबाईचा चंपत. तुमच्या घरी धुणीभांडी कराची ती तुळसाबाई, अजूनही तीच करते. तुमी गेल्या तेव्हा मी तिच्या कडेवर होतो, अन् तुमच्या हातचा लाडू खाऊन तुमच्याच पातळाले हात पुसत होतो, असं माय सांगते. मले त्यातलं काहीच आठोत नाही. मले आठोते ते तुमचं भूत. रागावू नका. आमच्या गल्लीत आताआतापावेतो तुमी भूतच होत्या. हे पत्र यमुताईबद्दल आहे, तुमच्या आईबद्दल. त्याईले तुमाले भेटाचं आहे, बाकी काही नाही. पन मी सातवीत दोनदा बसलेला मानूस, मले सरळ सांगता येत नाही. मोटारीपासून सुरू करतो.

माय सांगते, त्या दिवशी तुमी परीक्षेले म्हनून मोटारीत बसून गेल्या अन् मोटार रिकामी परत आली. ड्रायव्हर मान खाली घालून उभा. वकीलसाहेबांनी, मंजे तुमच्या बाबांनी, मोटार मागच्या शेडमध्ये लावाले लावली, बॉनेट उघडून आतला बोटभर पुर्जा काढला अन् विहिरीत टाकला. मंग त्याच विहिरीचं पानी काढून सारं घर तुमच्या नावानं आंघोळीले बसलं. यमुताईच्या अंगावर पानी माह्या मायनंच टाकलं. उन्हाळा होता, तरी बाई कापत होत्या, म्हने.

आता लहान पोट्ट्याईले एवढं सारं कोन सांगते? आमाले एवढंच समजलं का पोरीच्या नावानं आंघोळ केली, मंजे पोरगी मेली. मोटारीले कुलूप लागलं, मंजे मोटारीतच मेली. मंग ती मागच्या शिटीवर बसलेली दिसू लागली. पयले कोनाले दिसली मालूम नाही, पन मी जरा मोठा झालो तशी रोज दिसाची, कारन मीच दाखवत होतो. शेडच्या फळीले भोक होतं. गल्लीत नवा पोट्टा आला का त्याले तिथं डोया लावाले सांगाचं, अन् आपन मागच्या बाजूनं जाऊन पत्र्यावर हळूच नख ओढाचं. काटोलचा एक पाहुना पोट्टा तर चपला सोडून पयाला. त्या चपला मी झिजेपर्यंत वापरल्या.

दिवाळीनंतर यमुताईनं मोटार विकाले काढली. काहून काढली, ते पुढं येईन. गड्डीगोदामचे कबाडी ट्रक अन् दोर घेऊन आले. तर यमुताई शेडच्या दारात उभ्या. म्हनल्या, "उचलून न्यायची नाही. ओढूनही न्यायची नाही. जो कोणी तिला आपल्या पायांनी फाटकाबाहेर चालवत नेईल, त्याचीच ती." कबाडी हासला, "अम्मा, ये तो मर गयी है." तर बाई म्हनतात कशा, "असं पुष्कळांबद्दल म्हणतात."

मी तिथंच भिंतीवर बसून पेरू खाऊन राहिलो होतो. मले काय झालं मालूम नाही, मी उडी मारली अन् म्हनलं, मी चालवतो. मी आता सक्करदऱ्याले रुपराव मिस्त्रीच्या गॅरेजात आहे. मिस्त्री म्हने, "अबे बह्याडा, भूत सस्त्यात भेटून राहिलं म्हनून घेतं का?" माय तर रडालेच लागली. पन विलायती ऑस्टिन होती, ताई. काळी. दिव्याच्या वरून असं डोक्याले हात लावल्यासारखं मडगार्ड. आमच्या गॅरेजात येते ती सारी फियाट अन् टेम्पो. असं जनावर मी कधी हाताखाली घेतलंच नव्हतं.

पयल्या दिवशी दार उघडलं अन् जो वास आला तो नुसता उंदराचा नव्हता, जुन्या बंद पेटीचा होता. उंदीर होतेच, शिटीतला सारा काथ्या काढून त्याईनं आपलं घर केलं होतं. टायर जमिनीले चिकटलेले, जसे पाय रोवून बसले. कार्बोरेटरात कुंभारीन माशीनं मातीची घरं बांधलेली. इंजन पक्कं जाम. मी प्लगच्या चारही भोकात राकेल अन् तेल ओतलं अन् ते मुरू देलं. हँडल लावून रोज थोडा थोडा जोर लावाचो. हाताले फोड आले, पन ते हलेच ना. अन् रोज दुपारी यमुताई बादली पालथी घालून दारात बसाच्या. इतकी वर्षं त्या बाजूले त्या फिरकल्याही नव्हत्या. फक्त जाताना विचाराच्या, "हललं का रे काही?" मी म्हनाचो, नाही. त्या उठून जाच्या.

खरं सांगू, त्या दिवसात मले भेव वाटू लागलं. मले, ज्यानं एवढ्या लोकाईले भेवाडलं. ड्रायव्हरच्या शिटीवर बसलो का आरशात रस्ता दिसतच नव्हता. आरसा असा वाकवलेला होता का मागच्या शिटीचा डावा कोपराच दिसाचा, अन् तिथं शिटीले खोलगा पडलेला. मी आरसा फिरवाले गेलो, तर जंगून पक्का. मंग काम करता करता पाठीवर कोनीतरी पाहून राहिलं असं वाटाचं. एक दिवस त्या कोपऱ्याच्या सांदीतून निळी रिबीन निघाली. तिले एक लांब केस गुंतलेला. मी ती हातात घेऊन बसलो अन् मले पयल्यांदा ध्यानात आलं का भुताचे केस कोनी विंचरून देत असन. मी रिबीन परत सांदीत ठेवून देली.

अन् मंग बॅटरी जोडली त्या दिवशीची गोष्ट. या गाडीले वळाचं असलं का बाजूच्या खांबातून पिवळा हात बाहेर निघते, तुमाले तर मालूमच आहे. मी तार जोडली, बटनाले हातही लावला नव्हता, तर डाव्या बाजूचा हात टक्‌ करून बाहेर आला. तसाच राहिला. आत दिवा लागलेला. जसं कोनी सांगून राहिलं, इकडं घे. मी पाना टाकून बाहेर पयालो ते सरळ यमुताईच्या पायाशी. दम लागलेला, तरी माही जीभ काही सुधरत नाही. म्हनलं, "यमुताई, आधी तुमच्या पोरीले मागच्या शिटीवरून उतरवा, मंग काम होईन."

मले वाटलं आता थापड बसते. त्याईनं विचारलं, "कोणाला?" म्हनलं, तुमच्या मेलेल्या पोरीले. तर ताई, तुमची आई हासली. मी त्याईले जन्मात हासताना पायलं नव्हतं. हासता हासता डोये पुसले अन् म्हनल्या, "अरे गाढवा, ती लग्न करून खापरखेड्याला आहे. पावरहाऊसच्या कॉलनीत. दोन लेकरं आहेत तिला."

माह्या अंगावर काटा आला. भूत आहे असं समजल्यावर येत नाही, ताई. भूत नाही, एसटीनं तासाभरात पोचता येते तिथं पोळ्या लाटून राहिलं आहे, असं समजल्यावर येते. मी घरी जाऊन मायले धरलं. तर तिले सारं मालूम! खापरखेड्याची एक भाजीवाली येते, तिच्याकडून तुमची बातमी दोघी काढत होत्या, चोरून, तिलेही थांग लागू न देता, इतकी वर्षं. मी म्हनलं, मंग मले काहून नाही सांगतलं वं? म्हने, "तुया तोंडाले झाकन आहे का बावा?"

जो पुर्जा विहिरीत गेला तो बजारात भेटला नाही. मिस्त्रीनं जुन्या लँडमास्टर गाडीचा काढून देला, मी कानशीनं घासून बसवला. इंजन त्याआधीच सुटलं होतं. एक दुपारी हँडल गपकन खाली गेलं अन् मी तोंडावर पडलो, पन यमुताईले ओरडून सांगतलं, हललं! त्या बादलीवरून उठल्या अन् आत गेल्या. परत आल्या त्या चांगलं लुगडं नेसून. मी म्हनलं, आजच नाही, पेट्रोल, ब्रेक, सारं बाकी आहे. तर म्हनल्या, "असू दे. मी थांबते." अन् खरोखर, पुढं रोज त्या तसंच नेसून बसत होत्या.

ज्या दिवशी गाडी फाटकाबाहेर काढली, त्या मागं बसल्या, डाव्या कोपऱ्यात. गाडी धूर सोडत, खोकत, फाटकाच्या बाहेर रस्त्यावर आली, अन् मले मागून आवाज आला, "उत्तरा." मी आरशात पायलं. त्या खिडकीतून बाहेर पाहून राहिल्या होत्या. परत म्हनल्या, "उत्तरा." जसं तोंडात काही घालून चव पाहून राहिल्या. मले तुमचं नाव तेव्हा समजलं, ताई. आमच्या गल्लीत भुताले नावच नव्हतं. मंग त्याईनं सांगतलं. आंघोळ झाल्यावर वकीलसाहेब म्हनले होते, ही मोटार जागची हलेपर्यंत या घरात तिचं नाव निघनार नाही. "त्यांना म्हणायचं होतं, कधीच नाही," यमुताई म्हनल्या. "पण बोलले ते असं बोलले. मी त्यांचा शब्द कधी मोडला नाही. आजही मोडला नाही." खापरखेड्यापर्यंत सारा कोराडीचा रस्ता त्या मधून मधून तुमचं नाव घेत होत्या. मी गाडी हळू चालवली.

पुढचं तुमाले मालूम आहे. तुमी अंगनात कपडे वाळत घालून राहिल्या होत्या. मी मूर्ख, खुशीत येऊन हॉरन मारला. तुमी वळून पायलं. हातातलं बकेट पडलं. लहान पोरीले दंडाले धरून आत ओढलं, कडी लावली, मंग खिडकीही लावली. मी उतरून दार वाजवाले निघालो, तर यमुताई म्हनल्या, "नको. गाडी फिरव." मी म्हनलं, अहो, एवढं आलो, त्याईनं तुमाले पायलं नसन. तर म्हनल्या, "तिनं ह्यांना पाहिलं. मी ह्यांच्याच गाडीत आले, मला कशी दिसेन?"

तर आता खाली बसा, ताई. वकीलसाहेब त्या गाडीत नव्हते. ते गेले. त्याईचं वर्षश्राद्धही होऊन गेलं. तुमाले कोनी कळवलं नाही, कारन ज्या घरात तुमचं नावच घेता येत नव्हतं, तिथून पत्र कोनाच्या नावानं जाईन? शेवटी ते तुमच्याबद्दल काही बोलले का, हे मी यमुताईले विचारलं. त्या म्हनल्या, नाही. मी खोटं लिहिलं असतं तर चांगलं वाटलं असतं, पन आज मस्करी नाही.

परत आल्यावर दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भटजीले बोलावलं अन् विचारलं, जिच्या नावानं आंघोळ झाली, तीळ सोडले, ती जिवंत घरी येनार असली तर काय कराचं? भटजीनं लय वेळ डोकं खाजवलं. म्हने, बाई, शास्त्र असं आहे का अशा मानसाले नवीन जलमलं असं धराचं, बारसं कराचं, अन् मंग घरात घ्याचं. त्याले वाटलं बाई गप होतीन. बाईनं विचारलं, "तिथी सांगा." तर हे पत्र मंजे आवतन आहे, ताई. येत्या गुरवारी सकायी तुमचं बारसं आहे. आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायाईले बोलावणं गेलं आहे. घुगऱ्याले हरभरे निवडून ठेवले आहेत, मायनं सुंठवडा कुटला आहे. आत्या नाही म्हनून नाव यमुताई सोता ठेवनार आहेत, अन् नाव तेच ठेवनार आहेत. पत्र लिहितो हे मी त्याईले सांगतलं नाही, त्या म्हनतात, जिला यायचं ती येईल. तुमी एसटीनं या, नाहीतर निरोप धाडा, मी गाडी घेऊन येतो, हॉरन वाजवनार नाही. पोराईले अन् मालकाले आना. पन या. एवढ्या साऱ्या बाया पाळन्याभोवती जमतीन, अन् बाळच आलं नाही, तर तुमची आई कोनाच्या कानात कुर्र करन?

तुमी अजून न पायलेला, पन तुमचाच भाऊ,
चंपत