इस्कंदरचं पोट आणि निगोराचं लग्न

खुजंद,
जर्दाळू वाळत घालण्याचे दिवस

आदरणीय शेराली-अका यांना धाकट्या बहिणीचा, म्हणजे मुकर्रमचा, डोकं लववून सलाम.

तुमची प्रकृती कशी आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? धरणावरची हवा मानवते ना? तुमची ती उंच क्रेन वाऱ्यात डुलते असं वहिनी म्हणाल्या होत्या, तेव्हापासून मी रोज तिच्यासाठीही दुआ मागते. इकडे सगळं क्षेम आहे. (हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून ठेवते. पुढे वाचताना धीर सुटला तर परत इथे या.) तुमच्या लेकीची, निगोराची, तब्येत उत्तम, तिची नर्सिंगची परीक्षा छान झाली, आणि तुम्ही पाठवलेले बूट तिला बरोबर बसले. एकच विनंती, हे पत्र क्रेनवर बसून वाचू नका. खाली उतरा, चहा घ्या, पाठीला काहीतरी टेकू द्या आणि मग वाचा.

तर अका, तुम्हाला माहीतच आहे की शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घर खायला उठलं. इतकी वर्षं मी जगाचा इतिहास शिकवला, पण पोरांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुअल्लिमा, हे परीक्षेत येणार का?" म्हणून मी ठरवलं की ज्यांना परीक्षाच द्यायची नाही अशा माणसांकडे जायचं. आपली चुलत बहीण होजर बाजारात सुक्या मेव्याचं दुकान लावते, तिच्या शेजारी मी एक स्टूल टाकलं आणि पाटी लावली, 'इतिहासाबद्दल काहीही विचारा, पैसे नाहीत.' पहिले दोनचार दिवस लोक मला वेडी समजून बदामाचा भाव विचारत होते. मग एका कसायाने विचारलं की राजाची दाढी करणारा न्हावी वस्तरा हातात घेऊन रोज त्याच्या गळ्यापाशी जायचा, तर दोघांतला घाबरायचा कोण? आणि अका, मला वाटलं, माझं आयुष्य आता सुरू झालं!

काय एकेक प्रश्न! पूर्वी सरहद्दी नव्हत्या, तेव्हा जकातवाल्यांची पोटं कशी भरायची? चंगेजखान सासूसमोर कसा बोलायचा? चहा यायच्या आधी आपल्याकडे पाहुण्यांना 'आता उठा' हे कसं सुचवायचे? (याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर ते इतिहासासाठी नव्हे, माझ्यासाठीच लागणार आहे.) ज्याचं उत्तर ठाऊक ते मी सांगायची, नाही ते 'शोधून सांगते' म्हणायची, आणि खरोखर शोधायची. मी एक नियम केला होता, आणि तो आजवर मोडलेला नाही: खोटं सांगायचं नाही, विचारणाऱ्याचं मन राखायलासुद्धा नाही. होजर म्हणाली, "बाई, बाजारात बसून खरं बोलतेस, दुकान बुडेल." मी म्हटलं, माझं दुकान नाहीच, तर बुडेल काय?

बुडायला दुसरं काहीतरी होतं.

उस्ताद मिरवली, म्हणजे आपल्या निगोराचे होणारे सासरे. खुजंदमध्ये लग्नाच्या सकाळचा पुलाव म्हटला की लोक आधी त्यांची तारीख घेतात आणि मग नवरीमुलगी शोधतात. माणूस सोन्यासारखा, हात तर त्याहून. पण त्यांच्या घराण्यात एक समजूत आहे, आणि ती ते पुलावाबरोबर प्रत्येक लग्नात एकदा वाढतातच: इस्कंदर बादशहा (जग जिंकायला निघालेला तो सिकंदर) इथे सिर दर्या नदीच्या काठी आला, तेव्हा त्याच्या फौजेसाठी जगातला पहिला पुलाव ज्याने शिजवला तो आचारी मिरवलींचा पूर्वज. निगोराची रोटी मोडून सोयरीक पक्की झाली त्या दिवशीही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि मी तोंडात द्राक्षं कोंबून गप्प बसले होते. (गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे मी तेव्हाच स्वतःशी नक्की केलं.)

पण मागल्या महिन्यात ते चार गिऱ्हाइकांना घेऊन माझ्या स्टुलापाशी आले, छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "मुअल्लिमा, आपण आता एकाच घरचे. या मंडळींना सांगा, इस्कंदरने आमच्या घरचा पुलाव खाल्ला की नाही?"

आता अका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही हसला असता, त्यांच्या खांद्यावर हात टाकला असता आणि चहाला नेलं असतं. मी नेलं नाही. मी सांगितलं की जाणकारांच्या मते स्वयंपाकातलं गाजर आपल्या भागात इस्कंदरनंतर कित्येक शतकांनी आलं, आणि गाजराशिवाय पुलाव कसा होणार? एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शिक्षकाला एका प्रश्नाला दीड उत्तर द्यायची खोड असते. मी पुढे म्हटलं की इस्कंदरच्या इथल्या खाण्यापिण्याबद्दल जुन्या लोकांनी एकच गोष्ट लिहून ठेवली आहे. नदीपलीकडे शत्रूचा पाठलाग करताना तो वाईट पाणी प्यायला आणि त्याचं पोट बिघडलं.

आपला बाजार केवढा आहे तुम्हाला माहीत आहे. माझं वाक्य सुक्या मेव्यापासून निघालं तेव्हा धडधाकट होतं. मसाल्यांपर्यंत पोचेतो त्यातलं पाणी आटलं, मांसाच्या फळ्यांपाशी त्यात पुलाव पडला, आणि पलीकडच्या दारातून बाहेर पडलं तेव्हा ते असं झालं होतं: मुअल्लिमा म्हणतात, मिरवलीच्या पूर्वजाने इस्कंदर बादशहाला जुलाब लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवलींची बायको ओइनिसा आपण दिलेला रेशमी तागा आणि मिठाईचं ताट परत घेऊन दारात उभी. आत आली नाही. म्हणाली, "आमच्या हातचं खाऊन तुमच्या पोरीचं पोट बिघडायला नको." आणि निगोराला घातलेली कर्णफुलं परत मागून घेऊन गेली. (अका, परत सांगते, सगळं क्षेम आहे. चहा घ्या.)

निगोरा रडली नाही. त्याचंच मला जास्त लागलं. ती ओट्यावर बसून कांदा चिरत राहिली, गरज नसताना, एकामागून एक, आणि मग मान वर न करता म्हणाली, "आत्या, तुम्हाला इस्कंदर जवळचा की मी?"

"तू," मी म्हटलं. "पण त्याचं पोट बिघडलं होतं."

"मला ठाऊक आहे हो बिघडलं होतं! मला सुहरोबशी लग्न करायचंय, इस्कंदरशी नाही!"

त्या क्षणी मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, हे लग्न होणार. दोन, मी शब्द मागे घेणार नाही. होजर म्हणाली की या दोन म्हशी एका दाव्याला बांधता येत नाहीत. मी म्हटलं, दावं लांब घेऊ.

मग मी रोज दुपारी मिरवलींच्या दारात जायला लागले. फाटक उघडायचं नाही. मी फाटकाशी बोलायचे. आधी फाटकाची तब्येत विचारायची, घरच्या सगळ्यांची विचारायची, मग सांगायचे की मी पूर्वजाबद्दल काहीच म्हटलेलं नाही, पाण्याबद्दल म्हटलं होतं. आतून भांडी जोरात आपटल्याचा आवाज यायचा. एकदा मात्र सुहरोब भिंतीवरून डोकावला, विजेचा खांब चढायचा पट्टा कमरेला तसाच, आणि कुजबुजला, "मुअल्लिमा, उद्यापण या हं. बाबा चिडतात, पण तुमची वाट बघतात." एवढं ऐकून मी आणखी दहा फाटकांशी बोलले असते.

शेवटी मिरवलीच बाजारात आले. सगळे गोळा झाले. "माफी मागा," ते म्हणाले.

"कशाबद्दल? तुमच्या मनाला लागलं त्याबद्दल आत्ता मागते, दोन्ही हात जोडून. गाजराबद्दल मागणार नाही."

"गाजर, गाजर! गाजर नव्हतं तर नव्हतं! आमच्या पूर्वजाला काय अडलं होतं? मी स्वतः गाजराशिवाय पुलाव करून दाखवतो. बोटं चाटत राहाल तुम्ही!"

"करा," मी म्हटलं. "तांदूळ त्या वेळी इथे होता की नाही यावर विद्वान अजून भांडतात, तो फायदा तुम्हाला दिला. मटण घ्या, चरबी घ्या, कांदा घ्या. टोमॅटो आणि मिरची मात्र नाही, ही दोन्ही तर फारच उशिरा आली."

शुक्रवारी, नमाजानंतर, बाजाराच्या चौकात त्यांनी चूल मांडली. अका, काय तो हात! चरबी तापली तेव्हाच माणसं दुकानं सोडून आली. झाकण काढलं, वाफ उसळली आणि खाली पांढराफटक भात. चवीला वाईट नव्हता, उलट चांगला होता. लोकांनी निमूट खाल्ला, ताटं पुसली आणि तिथेच बसून राहिले. कोणी उठेना. मिरवलींनी विचारलं, "कसा झालाय?" तेव्हा तो मघाचा न्हाव्याचा प्रश्नवाला कसाई अगदी निरागसपणे म्हणाला, "छान झालाय उस्ताद. आता पुलाव येऊ द्या."

कोणी हसलं नाही. मिरवलींनी स्वतः एक घास घेतला, सावकाश चावला, आणि झारा कढईच्या काठावर ठेवून दिला. ते खरे आचारी आहेत अका, जिभेशी खोटं बोलत नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाचा बाप त्याच्यापासून काढून घेतला. जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. (त्या सगळ्या गर्दीत फक्त सुहरोबने दुसरं ताट वाढून घेतलं, आणि निगोराकडे बघत तेही संपवलं. पोरगा चांगला आहे, काळजी करू नका.)

आणि तेव्हा निगोराच पुढे आली. बाजारात तिने माझ्या पाटीसमोर कधी प्रश्न विचारला नव्हता. म्हणाली, "आत्या, मग पहिल्यांदा गाजर घातलं कोणी?"

मी जे होतं ते सांगितलं, की ठाऊक नाही. राजांची नावं लिहून ठेवली, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा ठेवली, पण ज्याने पहिल्यांदा कढईत मूठभर गाजर टाकलं त्याचं नाव कोणी लिहिलं नाही.

मिरवलींनी मान वर केली. "म्हणजे तो कोणीही असू शकतो?"

"कोणीही."

"खुजंदचा?"

"का नाही?"

"आणि तो आमच्या घरातला नव्हता, असं कुठे लिहिलंय?"

सगळा चौक माझ्या तोंडाकडे बघत होता. मी अगदी मनापासून आठवून पाहिलं, वाचलेलं सगळं, एकेक पान. शेवटी म्हटलं, "नाही. तसं कुठेच लिहिलेलं नाही. इतिहासाला माहीत नाही."

"ऐकलंत?" मिरवली उठून गरजले. "ऐकलंत? मुअल्लिमांनी भर बाजारात कबूल केलं!" मी म्हटलं, कबूल केलेलं नाही, नाकारलेलं नाही एवढंच. पण तोवर ओइनिसाने ओढणीच्या टोकाला बांधून आणलेली कर्णफुलं सोडली होती (म्हणजे ती घरूनच आणली होती बरं का!) आणि ती निगोराच्या कानात घालत होती. मिरवलींनी इस्कंदरला आता पार सोडून दिलंय. म्हणतात, "बादशहाचं पोट नाजूक होतं, त्याच्यासाठी कोण रांधत बसतो! आमच्या पूर्वजाने गाजर घातलं." मी रोज दुरुस्ती करते. ते रोज मला गरम पुलाव पाठवतात. दोघांचंही चाललं आहे.

लग्न खरबुजांचा हंगाम सरल्यावर. तुम्ही आणि वहिनी आठवडाभर आधी या. वहिनींच्या गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळत राहा. तुमच्या क्रेनला सलाम.

तुमची आज्ञाधारक (हसू नका),
मुकर्रम

ता. क. वरचं सगळं तुम्हाला कळवायचं होतंच, पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. येताना दुशान्बेहून एक मोठी कढई विकत आणा. लग्नाची, शंभर माणसांचा पुलाव होईल अशी. जुनी दिसणारी मिळाली तर फार बरं.

ता. क. दुसरा. तुम्ही विचाराल, आजोबांची एवढी मोठी कढई घरात असताना नवी कशाला? तर परवा ओइनिसा चहाला आली होती. सहज बोलता बोलता म्हणाली की मिरवलींच्या आजोबांकडे एक नामी कढई होती, एका कानाखाली चंद्रकोरीसारखी चीर असलेली, आणि ती ते मेंढ्यांच्या झुंजीत हरले. कोणाला, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. इतकंच म्हणायचे की त्या दिवशी त्यांचा मेंढा झिंगल्यासारखा चालत होता, जणू कोणी त्याला आंबलेली तुती चारली होती. मी आपली कढई (हो, तीच चीर) तेव्हाच गोठ्यात, कडब्याखाली ढकलली आहे.

ता. क. तिसरा. ओइनिसाने मला सरळच विचारलं, "तुम्ही इतकं वाचलेलं, मुअल्लिमा, कुठे गेली असेल हो ती कढई?" मी म्हटलं, इतिहासाला माहीत नाही. तुम्हालाही विचारतील, अका. तुम्हीही तेच सांगा.